दुकानात माल आहे, पण वाट सापडते का?

व्यापारी बंधूंनो, माल नसल्यामुळे विक्री गेली तर ती आपल्याला लगेच कळते. माल असूनही तो वेळेवर न सापडल्याने जी विक्री जाते, ती मात्र कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. आज या दुसऱ्या नुकसानीविषयी लिहावयाचे आहे.

आमचाच अनुभव घ्या. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. सबब, कापडाच्या मांडणीवरील चिठ्ठ्या आम्ही उर्दूतच लिहीत आलो. पुष्कळ ठिकाणी तर त्याही नव्हत्या. कोणता तागा कोठे आहे, हे आम्हाला तोंडपाठ होते. २०१८ साली ऐन लग्नसराईत आम्ही आजारी पडलो व तीन आठवडे दुकानी जाता आले नाही. मुलगा मराठी शाळेत शिकलेला, नोकर नवे. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला, एका शिंप्याला, हिरवे अस्तर हवे होते. ते दुकानात होते, पण तासभर शोधूनही हाती लागले नाही. त्याने ते शेजारच्या दुकानातून घेतले व पुढे तेथेच जाऊ लागला. दुकानाचा नकाशा केवळ मालकाच्या डोक्यात असून चालत नाही, हा धडा आम्हाला असा मिळाला.

त्यानंतर आम्ही जी व्यवस्था केली, ती पुढीलप्रमाणे :

१) मोठे विभाग थोडेच ठेवा. पाच-सहा पुरेत : शर्टिंग-सूटिंग, ड्रेस मटेरियल, ब्लाउज व अस्तर, साड्या, चादरी-पडदे. प्रत्येकात आधी कापडाचा प्रकार, मग पन्हा, मग रंग. जीएसटीच्या बिलावरील एचएसएन क्रमांक पाहा. ५२ म्हणजे कापूस. ५२०८ म्हणजे ८५ टक्के किंवा अधिक कापूस असलेले व चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंत वजनाचे सुती कापड. त्याहून जड असेल तर ५२०९. मोठ्याकडून लहानाकडे जाण्याची हीच रीत आहे.

२) नाव गिऱ्हाइकाच्या तोंडचे असावे. मिलचा क्वालिटी नंबर आपल्यासाठी. गिऱ्हाईक 'टू बाय टू' किंवा 'अस्तर' मागते. पाटीवर तेच लिहा.

३) पाटी सर्वांना वाचता यावी. आम्ही आता मराठी व उर्दू, दोन्हींत लिहितो. अक्षर मोठे, रंग एकच आणि जागाही एकच, मांडणीच्या वरच्या कडेला.

४) जागा वारंवार बदलू नका. हंगामाचा माल पुढे आणावा लागतोच; अशा वेळी जुन्या जागी 'हा माल दाराजवळ आहे' अशी चिठ्ठी लावा.

५) 'किरकोळ' या नावाचा कप्पा लहानच ठेवा. तो वाढू दिला की आळसाने सर्व काही त्यातच पडते, आणि तेथे गेलेला माल सहसा परत दिसत नाही.

काही व्यापारी नेहमी लागणारी वस्तू मुद्दाम मागे ठेवतात. तिच्यापर्यंत जाताना गिऱ्हाइकाची नजर इतर मालावर पडावी, हा हेतू. यास हरकत नाही; पण तिची पाटी दारातून दिसली पाहिजे. वाट लांब असली तरी चालेल, चुकणारी नको.

व्यवस्था झाल्यावर तिची परीक्षा घ्या. दुकानात कधीही न आलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला पाच वस्तूंची यादी द्या व स्वतः गप्प बसा. तो जेथे थांबेल, मागे फिरेल, तेथे दोष पाटीचा आहे, माणसाचा नव्हे. आम्ही हे केले तेव्हा पाचपैकी दोन वस्तू सापडल्या नाहीत. ज्या विभागाचा आम्हाला अभिमान होता, त्यातल्याच त्या होत्या!

कारागीर बंधूंनाही हे लागू आहे. शिंप्याची बटणे, सुताराची पटाशी, लोहाराचे साचे, सर्वांची जागा ठरलेली असेल तर हाताखालचा मुलगाही मालकाविना काम चालवू शकतो.

या कामास आम्हाला पुठ्ठा, रंग व सुट्टीचा एक दिवस एवढाच खर्च आला. तो शिंपी मात्र परत आला नाही. आपले गिऱ्हाईक जाण्यापूर्वीच हा एक दिवस काढा.