वाटेवरचा ठग आणि फोनवरचा ठग

मुलांनो, धाराशिव जिल्ह्यात बोरी नदीच्या काठी नळदुर्गचा किल्ला आहे. तुमच्यापैकी काहींनी तो पाहिलाही असेल. इ. स. १८५३ मध्ये या भागाचा कारभार पाहण्यास मेडोज टेलर नावाचा एक इंग्रज अधिकारी आला. तो लेखकही होता. पूर्वी निजामाच्या चाकरीत असताना पकडलेल्या ठगांच्या जबान्या त्याने स्वतः ऐकल्या होत्या, आणि त्यांच्या आधारे इ. स. १८३९ मध्ये ठगांच्या जीवनावर एक इंग्रजी कादंबरी लिहिली होती.

हे ठग वाटसरूंना लुटत तरी कसे? दरोडेखोरांप्रमाणे ते आरडाओरडा करीत अंगावर धावून येत नसत. ते सभ्य वेषात येत. कोणी व्यापारी होई, कोणी यात्रेकरू होई. "वाट धोक्याची आहे, आपण सोबतीने जाऊ," असे ते गोड शब्दांत म्हणत. दोन-चार मुक्काम एकत्र होत, गप्पागोष्टी रंगत. वाटसरूचा पुरता विश्वास बसला, की एखाद्या एकांत स्थळी ठगांचा नायक 'तमाखू आणा' यासारखे एखादे साधे वाक्य उच्चारी. तीच खूण! त्याच क्षणी मागून गळ्याभोवती रुमाल आवळला जाई. केसाने गळा कापणे म्हणतात ते याहून निराळे काय? रुमाल गळ्यात पडे तो शेवटी. विश्वासाचा फास मात्र कितीतरी आधी पडलेला असे.

ते ठग आता राहिले नाहीत. परंतु त्यांची विद्या नष्ट झाली, असे समजू नका. पूर्वी ठग वाटेवर भेटे; आता तो फोनमधून थेट आपल्या माजघरात येतो. त्याला दोन-चार मुक्कामांची गरज नाही. दहा मिनिटे पुरतात. हे मी ऐकीव सांगत नाही.

सेवानिवृत्त शिक्षकाला दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. अशाच एका नोव्हेंबरात सकाळी मला फोन आला. बोलणाऱ्याची भाषा अत्यंत नम्र होती. "गुरुजी, आपला हयातीचा दाखला पोहोचलेला नाही. आज दुपारपर्यंत नोंद झाली नाही, तर पेन्शन बंद होईल. आपणांस हेलपाटा नको, म्हणून मी येथूनच नोंद करतो. आपल्या फोनवर सहा अंकांचा ओटीपी येईल, तेवढा सांगा."

'गुरुजी' हा शब्द ऐकून मी सुखावलो, आणि पेन्शन बंद होणार हे ऐकून घाबरलो. संदेश आला. चष्मा सापडेना, म्हणून सहावीत शिकणाऱ्या नातीला मी हाक मारली. "बाळ, एवढे अंक वाच पाहू." तिने आधी अंक वाचले नाहीत, सगळा संदेश वाचला. "आजोबा, हा नंबर तर खात्यातून पैसे पाठवण्यासाठी आहे! आणि यात लिहिलंय, की हा कोणालाही सांगू नका."

मी फोन बंद केला. 'उतारा नीट वाचा आणि मगच उत्तर लिहा,' असे मी तीस वर्षे मुलांना सांगत आलो होतो. आणि आज दोन ओळींचा उतारा न वाचताच उत्तर द्यावयास निघालो होतो!

त्या दिवसापासून मी अशा घटना ध्यानपूर्वक ऐकू लागलो. तेव्हा समजले, की फोनवरच्या ठगापाशी तीन पाश असतात : भय, लोभ आणि घाई.

पहिला पाश भयाचा. "बिल थकले आहे, आज रात्री वीज तोडली जाईल," असा संदेश अनोळखी क्रमांकावरून येतो. अशा खोट्या संदेशांपासून सावध राहावे, असे महावितरणने ग्राहकांना बजावले आहे. कोणी पोलिसाचा गणवेश चढवून व्हिडिओ कॉलवर येतो आणि "तुम्हांला डिजिटल अरेस्ट केली आहे," असे दरडावतो. आपल्या देशाच्या कोणत्याही कायद्यात अशी अटक नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी 'मन की बात' या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या फसवणुकीविषयी लोकांना सावध केले. आधी थांबा, मग विचार करा आणि नंतर कृती करा, असे त्यांनी सांगितले.

दुसरा पाश लोभाचा. "तुम्हांला बक्षीस लागले आहे, पैसे घेण्यासाठी पिन टाका," असे ठग म्हणतो. यूपीआयने पैसे देताना पिन लागतो. पैसे येताना तो मुळीच लागत नाही. पिन ही आपल्या तिजोरीची किल्ली आहे. ज्याला आपल्याला पैसे द्यावयाचे आहेत, त्याला आपली किल्ली कशाला हवी?

तिसरा पाश घाईचा. लग्नपत्रिका म्हणून किंवा शेतकऱ्यांच्या एखाद्या योजनेच्या नावाने एपीके फाइल येते. मनुष्य विचार न करता ती उघडतो, फोन विचारील त्या सर्व परवानग्या देतो, आणि फोनमधील संदेश ठगाच्या हाती जातात.

या तिन्ही पाशांची गाठ एकच असते. "फोन ठेवू नका, घरात कोणास सांगू नका," असे ठग बजावतो. एकटा पडलेला मनुष्यच त्याला हवा असतो. म्हणून असे कोणी म्हणाले, की फोन ठेवावा आणि तीच गोष्ट प्रथम घरात सांगावी. मग बिलावर किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन चौकशी करावी.

माझी फजिती मी त्याच संध्याकाळी गावाच्या पारावर सांगितली. सगळे हसले. एक शेतकरी मात्र हसला नाही. काही वेळाने तो हळूच म्हणाला, "गुरुजी, माझे सोयाबीनचे सगळे पैसे असेच गेले. दोन महिने झाले. लाजेपायी घरात बोललो नाही." त्याने त्याच घटकेला तोंड उघडले असते, तर कदाचित काही पैसे वाचले असते. फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि आपल्या बँकेला कळवावे. पैसे ठगाने काढून घेण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ते वाटेतच रोखता येतात.

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी आपल्याकडे म्हण आहे. पण पुढच्याने ठेच लपवली, तर मागचा शहाणा व्हावा कसा? पकडलेल्या ठगांच्या जबान्यांमुळे त्यांची रीत उघड झाली, आणि तेव्हाच त्यांच्या टोळ्यांचा बंदोबस्त होऊ शकला. आजच्या ठगांची रीतही अशीच उघड झाली पाहिजे. फसलेल्या माणसाला हसू नका. तो लाजला तर गप्प बसेल, आणि तो गप्प बसला तर उद्या दुसरा फसेल. लाज फसवणाऱ्याला वाटावी, फसलेल्याला नव्हे.

मुलांनो, तुमच्या घरातही चष्मा शोधणारे आजी-आजोबा असतील. त्यांचा फोन वाजेल, तेव्हा तुम्ही जवळ असा. आणि संदेश वाचावयाचा झाला, तर तो शेवटपर्यंत वाचा.

शब्दार्थ
जबानी – चौकशीत दिलेले तोंडी निवेदन. हयातीचा दाखला – जिवंत असल्याचे प्रमाणपत्र. पाश – फास, जाळे. हेलपाटा – व्यर्थ फेरी.

स्वाध्याय
१. वाटेवरचा ठग आणि फोनवरचा ठग यांच्यातील साम्य तुमच्या शब्दांत सांगा.
२. नातीने सगळा संदेश वाचल्यामुळे काय घडले?
३. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण लेखकाने कोणत्या अर्थाने वापरली आहे?
४. 'केसाने गळा कापणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
५. आलेला फोन खोटा आहे, असे आजीला समजावून सांगणारा पाच वाक्यांचा संवाद लिहा व तो घरी वाचून दाखवा.