अभयारण्याला लागून असलेली जमीन

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. तानसा अभयारण्याच्या कडेला, शहापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. झाडं लावून जंगलाला आणि गावालाही उपयोग होईल असं काही करता येईल का?

उत्तर : नक्की येईल, पण सुरुवात आंब्याच्या कलमांनी करू नका. आधी गाव जंगलातून काय आणतं ते पाहा. ठाणे जिल्ह्यात भाताच्या रोपवाटिकेसाठी अजूनही राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर फांद्या-पाला पसरून जाळतात, आणि त्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडतात. कडेची झाडं नुसते खांब होऊन उभी दिसतात ती त्यामुळेच.

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत यावर उपाय आहे : रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख आणि बांधावर गिरिपुष्प. त्याचा कोवळा पाला, गुंठ्याला सुमारे ३० किलो, लावणीआधी आठवडाभर चिखलात गाडायचा. फाटे टोचले तरी रुजतात आणि वाळकी काटकी चुलीला होते. वरकस उतारावर आंबा-काजू, कुंपणाला करवंद आणि बांबू लावा. बायफ या संस्थेची ‘वाडी’ साधारण अशीच, एकरभराची.

एकट्याची वाडी मात्र वणव्यात आणि मोकाट गुरांत टिकत नाही. जाळरेषा आणि चराईबंदी ग्रामसभेनेच ठरवावी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा हक्क तिला आहे. तुमच्या गावाचा असा दावा मंजूर झालाय का, विचारा. साग लावणार असाल तर सातबाऱ्यावर नोंद आताच करून घ्या. तोडणीच्या परवानगीच्या वेळी तीच लागते.