परक्या घरातील एक वर्ष : विद्यार्थी-विनिमय आणि यजमान कुटुंब

शालेय वयातील मुलाने किंवा मुलीने वर्षभरासाठी परदेशी जावे, तेथील एखाद्या कुटुंबात घरच्या अपत्याप्रमाणे राहावे आणि त्याच गावातील शाळेत शिकावे, ही कल्पना आपल्याकडे अजूनही काहीशी नवलाची वाटते. उच्च शिक्षणासाठी जाणारा तरुण वसतिगृहात राहतो. त्याचा परिचय होतो तो ग्रंथालयाशी व प्रयोगशाळेशी. विनिमय विद्यार्थ्याचा परिचय प्रथम होतो तो स्वयंपाकघराशी. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात हा परिचय किती सुखाचा अथवा किती कष्टाचा होईल, हे बव्हंशी जाण्यापूर्वीच्या तयारीवर अवलंबून असते. या तयारीत शिक्षकांचा व स्थानिक कार्यकर्त्यांचा वाटा मोठा असल्याने या विषयाची थोडी तपशीलवार माहिती येथे देत आहोत. विवेचनासाठी अमेरिकेचे उदाहरण घेतले आहे. कारण तेथील नियम सविस्तर लिहिलेले आहेत.

या योजनेचा उगम युद्धभूमीवर झाला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ए. पायट अँड्र्यू यांनी फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची ने-आण करण्यासाठी अमेरिकन स्वयंसेवकांचे रुग्णवाहिका पथक संघटित केले. हीच पुढे ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ म्हणून प्रसिद्धीस आलेली संस्था होय. दुसऱ्या महायुद्धानंतर स्टीफन गलाटी व त्यांचे सहकारी चालक यांनी शालेय विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचे कार्य अंगीकारले आणि १९४७ मध्ये १० देशांतील ५२ विद्यार्थी अमेरिकेत आले. जखमींच्या खेपा घालणाऱ्या माणसांना मुलांच्या खेपा घालाव्याशा वाटल्या, यातच त्या पिढीचा अनुभव दिसून येतो. १९५१ मध्ये ‘यूथ फॉर अंडरस्टँडिंग’ या उपक्रमाने जर्मनीतील किशोरवयीन मुलांना मिशिगन राज्यातील घरांत आणले. सहा वर्षांपूर्वी हे दोन देश एकमेकांशी लढत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या यजमान कुटुंबांच्या मनाचा मोठेपणा लक्षात येईल. सप्टेंबर २००१ मधील हल्ल्यानंतर, २००२ साली, अमेरिकन शासनाने केनेडी-लुगर योजना सुरू केली. तिचा खर्च ते शासन करते आणि तीत भारतातील विद्यार्थ्यांचीही निवड होत आली आहे. रोटरी क्लबांमार्फत चालणारा युवक-विनिमय आपल्या राज्यातील अनेक शहरांत परिचित आहे.

कोणाला जाता येते?

अमेरिकेच्या नियमानुसार माध्यमिक शाळेतील विनिमय विद्यार्थ्याचे वय योजनेच्या आरंभी १५ वर्षांहून कमी व साडेअठरा वर्षांहून अधिक नसावे. तसेच बालवर्ग वगळता त्याचे ११ वर्षांहून अधिक शालेय शिक्षण पूर्ण झालेले नसावे. म्हणजेच आपल्याकडील बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला हा मार्ग बंद होतो. दहावीची परीक्षा दिलेला विद्यार्थी या चौकटीत नेमका बसतो. मुक्काम एका अथवा दोन सत्रांचा असतो. पूर्ण वेळ अथवा अर्धवेळ नोकरी करता येत नाही. शेजारच्या लहान मुलांना सांभाळणे किंवा अंगणातील गवत कापणे अशी तुरळक कामे मात्र चालतात.

या नियमांतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा, की यजमान कुटुंबाला विद्यार्थी ठेवण्याबद्दल मोबदला मिळत नाही. पैसे भरून राहणारा पाहुणा तक्रार करू शकतो आणि पैसे घेणारा यजमान त्याची बडदास्त ठेवतो. येथे ते नाते नाही. विद्यार्थी घरातला एक माणूस म्हणून येतो आणि घरातल्या माणसाला जी कामे करावी लागतात ती त्याच्याही वाट्याला येतात. हे आधी न समजल्यामुळे कित्येक मुलांचे पहिले दोन महिने रुसण्यात जातात.

घराच्या आत

मराठी घरातून गेलेल्या मुलाला पहिला धक्का बसतो तो जेवणाच्या टेबलावर. आपल्याकडे पाहुण्याने प्रथम ‘नको’ म्हणावे, यजमानाने आग्रह करावा, पुन्हा ‘नको’ व्हावे आणि तिसऱ्या वेळी पानात पोळी पडावी, अशी रीत आहे. तेथे ‘नको’ याचा अर्थ ‘नको’ असाच घेतला जातो. भांडे पुढे सरकते आणि संकोची मूल उपाशी उठते. गृहिणीचे मन कोरडे असते असे यावरून समजू नये. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हीच तिच्या दृष्टीने सभ्यता असते. संध्याकाळचे जेवण सहाच्या सुमारास उरकते. त्यानंतर भूक लागल्यास फ्रीज उघडून हवे ते घ्यावे, असे पहिल्याच दिवशी सांगितलेले असते. परंतु परक्या घरातील फ्रीजला हात लावणे आपल्या मुलांना चोरीसारखे वाटते.

शाकाहारी विद्यार्थ्याने आपला शाकाहार नेमका कोणता, हे अर्जातच स्पष्ट लिहावे. ‘मांस खात नाही’ एवढ्यावरून कोंबडी किंवा मासळी चालत असेल असा समज होऊ शकतो. भाजीच्या सुपात मांसाचा अर्क असतो, जेलीसारख्या गोड पदार्थांत प्राणिजन्य जिलेटिन असते. आठवड्यातून एकदा स्वतः वरण-भात रांधून घरच्यांना वाढणारा विद्यार्थी या अडचणीतून लवकर बाहेर पडतो. जाण्यापूर्वी मुलाला कुकर लावता येणे हे इंग्रजी व्याकरणाइतकेच उपयोगाचे आहे, असे आमचे मत आहे.

घरकाम हा दुसरा धडा. जेवणानंतर भांडी यंत्रात लावणे, आपले कपडे धुणे, कचऱ्याचा डबा ठरलेल्या दिवशी रस्त्याच्या कडेला नेणे, हिवाळ्यात दारापुढील बर्फ ओढणे ही कामे मुलगा-मुलगी असा भेद न करता वाटली जातात. ज्या मुलाने घरी स्वतःचे ताटही कधी उचललेले नाही, त्याला हे अपमानास्पद वाटते. वास्तविक काम सांगितले जाणे ही आपलेपणाची खूण असते.

संबोधनाचा प्रश्नही वाटतो तितका किरकोळ नाही. यजमान पती-पत्नी अनेकदा नावाने हाक मारण्यास सांगतात. कोणी आई-बाबांसाठी तिकडे रूढ असलेले शब्द सुचवितात. चाळिशीच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारताना मराठी मुलाची जीभ अडखळते, आणि ‘आई’ हा शब्द दुसरीस द्यावा असेही वाटत नाही. परिणामी काही मुले आठवडेच्या आठवडे कोणतीही हाक न मारता, समोर जाऊन उभी राहतात. पहिल्या दिवशीच ‘आपल्याला काय म्हणू?’ असे विचारणे हा साधा उपाय आहे.

शाळेत दर तासाला विद्यार्थीच एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातात. त्यामुळे एका बाकावर वर्षभर शेजारी बसून होणारी मैत्री तेथे आपोआप होत नाही. मधल्या सुट्टीत डबा घेऊन कोणत्या टेबलाशी बसावे, हा पहिल्या पंधरवड्यातील सर्वांत अवघड प्रश्न असतो. खेळ, वाद्यवृंद किंवा नाट्यमंडळ यांत नाव घातल्यास तो सुटतो.

मनाचे चढउतार

या अनुभवाचा शास्त्रीय विचारही झालेला आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांच्या अनुभवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आरंभी उत्साह, मग उदासी, नंतर पुन्हा जुळवून घेणे, असा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा क्रम त्यांनी मांडला. १९६० मध्ये कालेर्वो ओबर्ग यांनी ‘सांस्कृतिक धक्का’ या संकल्पनेवर लिहिले. १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने दाखविले, की मायदेशी परतल्यावर अशीच दुसरी घसरण येते. प्रत्येक मूल या रेषेवरून जाईलच असे नाही आणि पुढील संशोधकांनी या आकृत्यांविषयी शंकाही घेतल्या आहेत. तथापि थंडीच्या दिवसांत, दिवाळी परक्या घरी गेल्यावर, मूल रडू लागले तर ते अपयश समजू नये, एवढे पालकांना यावरून कळावे.

पूर्वी घरचे पत्र यायला आठवडे लागत. आता दृक्‌श्राव्य संभाषण क्षणात होते. मात्र त्याचीही एक अडचण आहे. हिवाळ्यात शिकागोचे घड्याळ पुण्याच्या साडेअकरा तास मागे असते. आईशी रोज रात्री बोलणारे मूल यजमान कुटुंबाच्या सायंकाळच्या गप्पांना मुकते, आणि त्या गप्पांसाठीच तर ते गेलेले असते. आठवड्यातून एक ठरलेला दिवस पुरेसा होतो.

सुरक्षिततेची बाजू

सर्वच घरे चांगली निघतात असे मानणे भाबडेपणाचे होईल. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्क्रँटन येथे काही विनिमय विद्यार्थी अस्वच्छ घरांत, अपुऱ्या अन्नावर राहत असल्याचे उघडकीस आले. त्यानंतर २०१० मध्ये नियम कडक करण्यात आले. कुटुंबाची त्यांच्या घरी जाऊन मुलाखत घेणे, घराची छायाचित्रे नोंदविणे आणि घरातील १८ वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासणे बंधनकारक आहे. स्थानिक समन्वयकाने विद्यार्थ्याशी दरमहा संपर्क ठेवावयाचा असतो. घर बदलून मागण्यात कमीपणा नाही, हे मुलाला निघण्यापूर्वी निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने गप्प राहिलेल्या मुलाला कोणताही नियम वाचवू शकत नाही.

आता शाळांपुरते. परदेशातील वर्ष येथे अकरावीच्या ठिकाणी धरले जाईलच, असे गृहीत धरू नये. मंडळाकडे व संबंधित कनिष्ठ महाविद्यालयाकडे निघण्यापूर्वीच लेखी विचारणा करावी. अमेरिकन शाळेने पदविका द्यावी असे बंधन नाही. म्हणून विषय व गुण दर्शविणारे मोहोरबंद प्रमाणपत्र मागून घ्यावे लागते. तेथील शाळा मे-जूनमध्ये बंद होतात आणि कार्यालयीन कर्मचारीही सुटीवर जातात, तेव्हा हा अर्ज विद्यार्थ्याने एप्रिलमध्येच द्यावा.