भाचीला तलवार द्यायची म्हणतेस?

अगं, भाची जूनमध्ये किंग्ज पॉइंटहून पास होतेय आणि मावशीला तिच्यासाठी तलवार घ्यावीशी वाटतेय, हे ऐकून ऊर भरून आला. न्यूयॉर्कच्या त्या मर्चंट मरीन अकॅडमीनं 1974 मध्ये मुलींना प्रवेश दिला, वेस्ट पॉइंटच्या आर्मी आणि अनापोलिसच्या नेव्ही अकॅडमीच्याही दोन वर्षं आधी. तिथून आपल्या घरची पोर ऑफिसर होऊन बाहेर पडतेय. कौतुक झालंच पाहिजे.

पण दुकानात फोन करायच्या आधी तिलाच विचार, पुढे कुठे जाणार आहेस? तिथली मुलं एकाच वाटेनं जात नाहीत. बरीचशी व्यापारी जहाजांवर जातात आणि सोबत नेव्हीच्या राखीव दलात कमिशन घेतात. काही थेट नेव्हीत, कोस्ट गार्डमध्ये, मरीन्समध्ये, अगदी आर्मीतसुद्धा. आणि प्रत्येकाची तलवार वेगळी. नेव्हीची 1852 च्या नमुन्याची असते: पांढरी मूठ, तिच्यावर सोनेरी तारेचे वेढे, बोटांवर सोनेरी कडं, काळं चामड्याचं म्यान. मरीन ऑफिसरची मामलुक घाटाची, बाकदार. तिला बोटांवर कडंच नसतं. पोरगी मरीन्समध्ये निघाली आणि हातात नेव्हीची तलवार आली, तर बिचारी तोंडावर काही बोलणार नाही, पण ती कमरेला कधीच लागणार नाही. म्हणून गुपचूप घेऊन चकित करायचा हट्ट या बाबतीत सोड.

ती थर्ड मेट म्हणून मालवाहू जहाजावर निघाली असेल, तर मी तुला वेगळंच सांगेन. ब्रिजवर वॉच करताना तलवारीचं काही काम नाही. त्यापेक्षा चांगली जलरोधक 7×50 ची दुर्बीण दे, रोज गळ्यात राहील. तरी तिचं मन तलवारीवरच असेल, तर खुशाल तलवारच घे. नेव्हीत लेफ्टनंट कमांडरपासून वरच्यांनाच ती जवळ बाळगणं सक्तीचं आहे. नवी एन्साइन, म्हणजे नेव्हीतली अगदी कनिष्ठ ऑफिसर, स्वतःच्या पहिल्या पगारातून शेकडो डॉलर त्यासाठी काढणार नाही, म्हणून तर ही वस्तू घरच्यांनी द्यायची. पुढे तिच्या मैत्रिणींच्या लग्नात तलवारींची कमान धरायला तीच उपयोगी पडते, केक कापायलाही.

आता मापाचं. पातं उंचीप्रमाणे घ्यायचं असतं, आणि आपल्या मुली बेताच्याच उंचीच्या. लांब पातं दिसतं रुबाबदार, पण परेडमध्ये सॅल्यूटला टोक खाली आणताना जमिनीला लागतं. दुकानात तिची उंची सांग आणि त्यांच्या तक्त्यातलंच माप घे, अंदाजानं नको.

पात्यावर नाव कोरून घेशीलच. फक्त नाव कोर, हुद्दा नको. हुद्दा दोन-चार वर्षांत बदलतो, नाव राहतं. आणि तिचं नाव कमिशनच्या कागदावर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं, ते कागदावर नसेल तर इथेही नको. लिहून दिलेलं स्पेलिंग घरातल्या दोघांनी वाचल्याशिवाय पैसे भरू नकोस, कारण कोरलेली तलवार दुकानदार परत घेईल याची आशा नाही.

धारेची काळजी करू नकोस. समारंभाच्या तलवारीला धार लावलेली नसते. जपायचं असतं ते ओलाव्याला. बोटांचा घाम पात्यावर राहिला की डाग धरतो, आणि चामड्याचं म्यान दमट हवेत ओल शोषून घेतं. परेडहून आली की मऊ फडक्यानं पुसायची, तेलाचा नुसता हात फिरवायचा, आणि महिनोन्‌महिने म्यानात तशीच ठेवायची नाही. तुमच्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा करतात ना, तेव्हा हळदकुंकू शेजारच्या ताटात वाहा म्हणावं, मुठीवर आणि पात्यावर नको. ओलं कुंकू त्या सोनेरी मुलाम्यावर बसलं तर निघता निघत नाही.

विमानानं नेणार असशील तर चेक-इनच्या बॅगेत, नीट गुंडाळून. हातातल्या सामानात मुळीच चालत नाही. आणि कोरायला वेळ लागतो, मे उजाडायची वाट पाहू नकोस. आज रात्रीच तिला फोन कर आणि दोनच गोष्टी विचार: कुठली सर्व्हिस, आणि उंची किती.