शेवटचा पगार अडवला तर?

प्रश्न : माझी मुलगी बेंगळुरूला व्हाइटफील्डमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. नोटिशीची मुदत पूर्ण करून तिने नोकरी सोडली आणि आता ती पुण्यात रुजू झाली आहे. जुन्या कंपनीने शेवटच्या महिन्याचा पगार आणि व्हेरिएबल पे अजून दिलेला नाही. विचारलं की ‘फुल अँड फायनल प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर येतं. मित्र तिला सांगतात, आयटीवाल्यांना कामगार कायदा लागू नसतो, नाद सोड. हे खरं आहे का?
– एक आई, बेळगाव

उत्तर : खरं नाही. मात्र हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. कर्नाटक सरकारने 2014 मध्ये आयटी कंपन्यांना 1946 च्या स्थायी आदेश कायद्यातून सूट दिली आणि पुढे ती वाढवत नेली. ती सूट नोकरीच्या शर्ती आणि शिस्तीची नियमावली सरकारकडून मंजूर करून घेण्यापुरती होती; पगार बुडवण्याची मुभा तिने कुणालाच दिली नव्हती. खरी अडचण दुसरीकडे होती. पगार वेळेवर देण्याचा 1936 चा कायदा ठरावीक पगारापर्यंतच लागू होता आणि 2017 पासून ती मर्यादा महिना 24,000 रुपये होती. त्यामुळे बहुतेक इंजिनिअरांना तो मार्ग बंदच होता. 21 नोव्हेंबर 2025 रोजी वेतन संहिता लागू झाली आणि ही मर्यादा गेली. व्यवस्थापक असो की तंत्रज्ञ, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि नोकरी सोडल्यावर कामाच्या दोन दिवसांत मिळाला पाहिजे. ‘पंचेचाळीस दिवसांत हिशोब करू’ ही कंपन्यांची जुनी रीत या नियमापुढे टिकत नाही.

‘नाद सोड’ या सल्ल्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण त्याचं उत्तर बेंगळुरूनेच दिलेलं आहे. एप्रिल 2020 पासून कर्नाटकात किमान वेतनातला महागाई भत्ता महिन्याला सुमारे 417 रुपयांनी वाढला होता. कपड्यांच्या कारखान्यांनी तो दिला नाही आणि राज्य सरकारनेही वाढ पुढे ढकलण्याचा आदेश काढला. या कारखान्यांत चार लाखांहून अधिक कामगार, त्यांत बहुसंख्य बायका. सप्टेंबर 2020 मध्ये उच्च न्यायालयाने थकबाकीसह वेतन द्या, असं सांगितलं, तरी पैसे हलले नाहीत. युनियनने आणि कामगार हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी विषय लावून धरला, माल विकत घेणाऱ्या परदेशी ब्रँडना जाब विचारला, आणि 2022 मध्ये शाही एक्स्पोर्ट्ससारख्या मोठ्या उत्पादकाने थकबाकी द्यायचं कबूल केलं. शिलाई मशीनवर दिवसभर बसणाऱ्या त्या बायकांनी 417 रुपयांचा नाद सोडला नाही. तुमच्या मुलीची तर पूर्ण महिन्याची कमाई अडकली आहे.

आता तिच्या मागणीकडे. तिने दोन रकमा वेगळ्या कराव्यात. काम केलेल्या दिवसांच्या पगारावर वाद होऊच शकत नाही. व्हेरिएबल पे मात्र ऑफर लेटरमध्ये काय लिहिलं आहे त्यावर ठरतो. ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ असे शब्द असतील तर ती बाजू कमकुवत आहे, हे आधीच जाणून असावं. दोन्ही एकत्र मागितलं की एचआर वादाची रक्कम पुढे करून बिनवादाचीही अडवून धरतं.

फोनवर बोलणं आता थांबवावं. किती दिवसांचे किती रुपये येणे आहेत आणि ते कोणत्या तारखेपर्यंत हवेत, हे ईमेलने लिहावं. ऑफर लेटर, पे स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, राजीनामा स्वीकारल्याचा मेल हे सगळं जवळ ठेवावं. आयकराच्या पोर्टलवर 26 एएस उघडून पाहावं. न दिलेल्या पगारावर कंपनीने टीडीएस भरलेला दिसला, तर देणं असल्याचं कंपनीने स्वतःच नोंदवलं आहे. पीएफचं पासबुकही तपासावं. कापलेली रक्कम जमा नसेल तर ती तक्रार भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे वेगळी करता येते. आणि पैसे खात्यात येण्याआधी ‘सर्व देणी मिळाली’ अशा कागदावर सही करू नये, रिलिव्हिंग लेटरसाठी कितीही दबाव आला तरी.

बाँड केलेला असेल तर तो नीट वाचा. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती आणि भरतीच्या खर्चाचा विचार त्यात झाला, तरी ‘बाँडला काही अर्थ नसतो’ असं आता बेधडक म्हणता येत नाही. पण पगारातून मनमानी कपात करता येत नाही. कपातीची कारणं संहितेत नेमून दिली आहेत आणि एकूण कपात निम्म्या पगारापुढे जाऊ शकत नाही.

ईमेलला उत्तर आलं नाही तर कर्नाटकच्या कामगार खात्याकडे जावं. त्यांचं कार्यालय बन्नेरघट्टा रोडवरच्या कार्मिक भवनात आहे. ती आज पुण्यात असली तरी काम बेंगळुरूत झालं, म्हणून दाद तिथेच मागायची. एकटीला जड वाटत असेल तर तिथे आयटी कर्मचाऱ्यांची युनियन आहे. दावा युनियनमार्फतही करता येतो. पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते, आणि मूळ रकमेबरोबर तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश अधिकारी देऊ शकतो.

दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, पण एवढं थांबायचं कारण नाही. तो ईमेल तिने याच आठवड्यात पाठवावा.