काळ्या पाषाणांतील सांखळी

सह्याद्रीचे कडे, देशावरील किल्ल्यांचे तट आणि रस्त्यांवरील खडी हीं बहुतांशीं एकाच काळ्या पाषाणाचीं आहेत. हा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं वाहिलेल्या शिलारसापासून झाला. त्यांतील एक प्रमुख खनिज ऑगाइट होय. आणि ऑगाइट हें पायरॉक्सीन नामक कुलांतील आहे.

या कुलाचें नांव मोठें मौजेचें आहे. इ. स. १७९६ मध्यें फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञ आयुई यांनीं तें ग्रीक शब्दांवरून ठेविलें. त्याचा अर्थ 'अग्नीला परका'. ज्वालामुखीच्या खडकांत आढळणारे हे स्फटिक चुकून आंत सांपडलेले पाहुणे असावेत, असें त्यांस वाटलें. पुढें उलटेंच ठरलें. शिलारस निवत असतां हे स्फटिक त्यांतच जन्म घेतात. पाहुणा म्हटला तो घरचाच निघाला!

त्यांची अंतर्रचना क्ष-किरणांनीं उलगडली. १९२८ सालीं वॉरन व ब्रॅग यांनीं डायॉप्साइड या पायरॉक्सीनाची रचना प्रसिद्ध केली. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोंवतीं चार कोपऱ्यांवर ऑक्सिजनचे ४ अणु असतात. या आकृतीस चतुष्फलक म्हणतात. मुलें हातांत हात घालून रांग करितात, त्याप्रमाणें प्रत्येक चतुष्फलक आपले दोन कोपरे दोहों बाजूंच्या शेजाऱ्यांशीं सामायिक करितो. म्हणून त्याच्या वांट्यास दोन पूर्ण व दोन अर्धे, म्हणजे ३ ऑक्सिजन येतात. डायॉप्साइडमध्यें सिलिकॉन २ तर ऑक्सिजन ६, तें यामुळेंच. कॅल्शियम १ व मॅग्नेशियम १ हे या सांखळ्या एकमेकींस बांधून ठेवितात. मॅग्नेशियमची कांहीं जागा लोहानें घेतली व थोडें ॲल्युमिनियम आंत शिरलें, कीं काळसर ऑगाइट तयार होतें.

सांखळी तुटणें कठीण. दोन सांखळ्यांमधील बंध त्या मानानें सैल. म्हणून हें खनिज सांखळ्यांच्या लांबीस धरून दोन दिशांनीं फुटतें, व त्या दिशांमध्यें सुमारें ८७ अंशांचा कोन असतो. दिसण्यांत तसेंच असणारें हॉर्नब्लेंड सुमारें ५६ अंशांत फुटतें, कारण त्याची सांखळी दुहेरी असते. दोन्ही काळीं खनिजें हातांत घेऊन केवळ रंगावरून निवाडा करणारा हमखास फसतो. कोन मोजणारा फसत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, आयुई यांची चूक सिद्ध झाली, तरी त्यांनीं दिलेलें नांव आजही चालू आहे. तें बदललें नाहीं हें बरेंच झालें, असें आम्हांस वाटतें. थोर पंडिताचाही तर्क तपासून घ्यावा लागतो, याची आठवण तें नांव प्रत्येक पिढीस करून देतें.