मुखाचे आरोग्य, शरीराचे आरोग्य आणि मिश्रीची सवय

म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाकडे सत्संग होता. तो संपल्यावर साताऱ्याहून मुलाकडे राहायला आलेल्या आजींनी मला बाजूला घेऊन विचारले, "ताई, इकडं मिश्रीचा तंबाखू कुठं मिळतो हो?" दात घासण्याची खूण करून मागितल्यावर दुकानदाराने त्यांना नंजनगूडच्या दंतमंजनाची पुडी दिली होती. "त्यात काय राम नाही," असे त्यांचे म्हणणे. हसू आले, पण त्यांची सून पाच महिन्यांची गरोदर होती आणि आजींच्या सोबतीने तीही सकाळ-संध्याकाळ मिश्री लावू लागली होती.

म्हैसूरजवळच्या नंजनगूड येथे वैद्य बी.व्ही. पंडित यांनी १९१३ मध्ये 'सद्वैद्यशाला' स्थापन केली. भाताचे तूस जाळून केलेले तेथील मंजन कर्नाटकात घरोघरी माहीत आहे. मिश्रीही काळी पूड आणि तीही बोटानेच लावायची. पण ती तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजून केलेली असते. दात स्वच्छ होतात, दुखायचे थांबते, म्हणून ती सुरू होते. पुढे दात राहतात बाजूला आणि दिवसातून चार-पाच वेळा हात डबीकडे जातो. याचे कारण निकोटिन. हिरड्या आणि गाल यांची आतील त्वचा पातळ असते. तेथे चोळलेला पदार्थ गिळला नाही, चूळ भरून टाकला, तरी त्यातील निकोटिन थेट रक्तात उतरते. "मी काही तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते" हे वाक्य आपण अनेक घरांत ऐकतो. शरीराला हा भेद कळत नाही.

गर्भालाही तो कळत नाही. मुंबईतील १२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक स्त्रिया मिश्रीच लावत होत्या. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होण्याचे प्रमाणही अधिक आढळले. सुनेला मी एवढेच सांगितले. तिने त्याच आठवड्यात मिश्री सोडली.

आजींचा प्रश्न वेगळा होता. "आमच्या आईपासून चालत आलंय, मग वाईट कसं?" तंबाखू आपल्या देशात आला तो पोर्तुगिजांबरोबर. चरकसंहितेत दिवसातून दोन वेळा दात घासायला सांगितले आहे, कडू, तिखट किंवा तुरट चवीच्या काडीने, आणि तेही हिरड्यांना इजा होऊ न देता. जीभ खरवडणे आणि तेलाच्या गुळण्या यांचाही उल्लेख आहे. तंबाखू त्यात कोठे असणार? (सुपारीचे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. म्हैसूरच्या विड्याच्या पानाचा लौकिक मोठा आहे. पण तंबाखू नसलेल्या विड्यातील सुपारीनेही तोंड उघडेनासे होण्याचा विकार जडतो आणि कर्करोगाचा धोका वाढतो.)

आजींना मधुमेह आहे. हिरड्यांना सूज आणि पू असेल, तर रक्तातील साखर आवरणे कठीण होते आणि साखर वाढलेली असेल, तर हिरड्या लवकर बिघडतात. मिश्रीने दुखणे दबते, म्हणून हिरडीतील बिघाड कळतच नाही. आजींचे तसेच झाले होते. दंतवैद्यांनी पाहिले, तेव्हा खालचे दोन दात हलत होते. ज्यांच्या हृदयाच्या झडपा सदोष आहेत, त्यांच्या बाबतीत तोंडातील जंतू रक्तातून झडपेपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून अशांनी दात काढण्यापूर्वी वैद्यांना ते अवश्य सांगावे.

एकदम सोडले की डोके दुखते, चिडचिड होते, झोप लागत नाही. हे काही दिवसांचे असते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा शासनाचा निःशुल्क क्रमांक आहे. आजींनी दुपारची वेळ आधी सोडली. त्या वेळी हात मोकळा राहू नये. म्हणून जपमाळ घेतली. मग रात्रीची सोडली. आता मऊ ब्रशने दात घासतात, नंजनगूडची पुडी कधीतरी, तीही हलक्या हाताने. सकाळची एक वेळ अजून उरली आहे.